सहा मीटर पट्ट्यावरील दूरसंपर्क : महाराष्ट्राच्या अक्षांशांवरून

हौशी रेडिओचालकांच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यांपैकी ५० ते ५४ मेगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या तरंगलांबीवरून सहा मीटरचा पट्टा म्हणून ओळखला जातो. ३० मेगाहर्ट्झच्या पुढे व्हीएचएफचा प्रदेश सुरू होत असल्यामुळे हा पट्टा व्हीएचएफमध्ये मोडतो आणि वर्षातले बहुसंख्य दिवस तसाच वागतो, म्हणजे क्षितिजापलीकडचे फारसे काही ऐकू येत नाही. परंतु आयनांबराची, म्हणजे सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेल्या वरच्या वातावरणाची, स्थिती अनुकूल झाली की हाच पट्टा लघुलहरींप्रमाणे हजारो किलोमीटरचे अंतर कापू लागतो आणि काही मिनिटांनी किंवा तासांनी पुन्हा गप्प होतो. त्यामुळे येथील दूरसंपर्क ट्रान्समीटरच्या ताकदीपेक्षा वेळ आणि दिशा यांच्या अचूक अंदाजावर अधिक अवलंबून असतो. शंभर वॉटचा रिग आणि गच्चीवरची तीन एलिमेंटची यागी एवढ्या सामग्रीवर खंडाखंडांतले संपर्क होतात, मात्र पट्टा उघडला असताना केंद्रचालक रेडिओपाशी असला पाहिजे.

या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन युरोप, उत्तर अमेरिका आणि जपान येथील अनुभवावर बेतलेले आहे आणि ते जसेच्या तसे उचलल्यास महाराष्ट्रातील किंवा गोव्यातील केंद्रचालकाची दिशाभूल होते. त्या देशांतील केंद्रे प्रायः ३५ ते ५५ अक्षांशांच्या दरम्यान येतात, तर महाराष्ट्र साधारण १६ ते २२ उत्तर अक्षांशांमध्ये वसलेला आहे. आयनांबराच्या दृष्टीने निर्णायक ठरणारे चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीची चुंबकीय बलरेषा जेथे जमिनीला समांतर असते त्या ठिकाणांना जोडणारी रेषा, भारताच्या दक्षिण टोकावरून, थुंबा आणि तिरुनेलवेली यांच्या परिसरातून जाते. अग्निबाण सोडण्यासाठी थुंब्याची निवड झाली ती याच कारणाने. मुंबई या रेषेपासून जेमतेम दहा-बारा अंशांवर आहे. साहजिकच परदेशी पुस्तकांतील ध्रुवीय प्रकाशावरून होणाऱ्या परावर्तनाचे प्रकरण येथील वाचकाने निःशंकपणे गाळावे, उन्हाळी हंगामाचे प्रकरण थोडे संशयाने वाचावे आणि संपातकाळाविषयीची, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारासच्या काळाविषयीची, माहिती दुप्पट लक्ष देऊन वाचावी.

त्याआधी परवान्याचा प्रश्न निकालात काढणे आवश्यक आहे. सहा मीटरचा पट्टा सर्व देशांनी सारख्या अटींवर खुला केलेला नाही; अनेक ठिकाणी तो दीर्घकाळ दूरचित्रवाणीकडे होता आणि ब्रिटनसारख्या देशात जुनी ४०५ रेषांची प्रसारणे १९८५ मध्ये बंद झाल्यानंतरच, १९८६ पासून, तो हौशी केंद्रांना व्यापक प्रमाणात मिळाला. भारतातील केंद्रचालकाने आपल्या परवान्याची श्रेणी, तीत नमूद केलेल्या वारंवारता, अनुज्ञेय शक्ती आणि प्रसारणाचे प्रकार प्रत्यक्ष कागदावर तपासूनच ट्रान्समिटचे बटण दाबावे. ऐकण्याचा सराव मात्र आधीपासून सुरू करता येतो.

दूरसंपर्काचे पहिले आणि सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे स्पोरॅडिक ई. जमिनीपासून सुमारे १०० ते ११० किलोमीटर उंचीवर, उल्का जळून मागे राहिलेल्या लोह, मॅग्नेशियम इत्यादी धातूंचे आयन वेगवेगळ्या दिशांनी वाहणाऱ्या वाऱ्यांच्या आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या संयुक्त परिणामाने दाबले जाऊन अतिशय पातळ पण दाट असे ढग तयार होतात, आणि हे ढग ५० मेगाहर्ट्झच्या लहरी परतवून लावू शकतात. एका उडीत साधारण २,००० किलोमीटरपर्यंत मजल जाते. मुंबईहून दुबई किंवा मस्कत या टप्प्यात येते, आणि दोन ढग योग्य जागी आले तर सुमारे ४,२०० किलोमीटरवरचा सायप्रसही आवाक्यात येतो. उत्तर गोलार्धात याचा मुख्य हंगाम मे ते ऑगस्ट असून डिसेंबर-जानेवारीत एक लहान हंगाम येतो. दिवसाच्या हिशेबाने सकाळचा उत्तरार्ध आणि सायंकाळ या दोन वेळा अधिक फलदायी असतात. मात्र ढग दाबून घट्ट करण्याच्या या क्रियेला बलरेषा तिरकी असावी लागते, चुंबकीय विषुववृत्ताजवळ ती जवळजवळ आडवी होते, आणि म्हणून महाराष्ट्रातून दक्षिणेकडे या प्रकाराची आशा धरण्यात अर्थ नाही. अँटेना वायव्येस आखाताकडे आणि इराणकडे, उत्तरेस मध्य आशियाकडे किंवा ईशान्येस चीन-जपानकडे वळवावी, कारण या मार्गांचे मध्यबिंदू, जेथे ढग असणे आवश्यक आहे, अधिक उत्तरेला पडतात. पूर्व आशियावरील उन्हाळी स्पोरॅडिक ई जगातील सर्वांत प्रखर मानला जातो, ही गोष्ट भारतीय केंद्राच्या पथ्यावर पडणारी आहे.

हा पट्टा उघडणार असल्याची चाहूल खालच्या वारंवारतांवर आधी लागते. दहा मीटरच्या पट्ट्यावर, म्हणजे २८ मेगाहर्ट्झवर, एरवी दीड-दोन हजार किलोमीटरवरून येणारे संकेत एकाएकी पाच-सहाशे किलोमीटरवरून येऊ लागले, तर ढगाची परावर्तनक्षमता वाढत चालली आहे असे समजावे. या किमान अंतराला स्किप म्हणतात आणि ते आखूड होत जाणे ही सहा मीटर उघडण्याची उत्तम पूर्वसूचना असते, कारण ज्या ढगावरून २८ मेगाहर्ट्झची लहर उभ्या कोनात परतते, त्याच ढगावरून ५० मेगाहर्ट्झची लहर सपाट कोनात परतू शकते. पूर्वी ४८ आणि ४९ मेगाहर्ट्झच्या आसपासचे परदेशी दूरचित्रवाणीचे वाहक संकेत हेच काम करीत. ती ॲनालॉग प्रसारणे बहुतेक ठिकाणी बंद झाल्यामुळे ती सोय गेली.

दुसरे साधन एफ-२ थर. तो २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे एका उडीत ३,००० ते ४,००० किलोमीटर अंतर मिळते, परंतु ५० मेगाहर्ट्झ परतवण्याइतकी घनता त्याला सौरचक्राच्या भरातच येते. सरळ वर पाठवलेली जी कमाल वारंवारता हा थर परतवतो, तिच्या साधारण तीन ते साडेतीन पट वारंवारता सपाट कोनात परतते. म्हणजे सरळ वरच्या दिशेची मर्यादा १५ मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचली की सहा मीटरचा पट्टा उघडण्याच्या बेतात येतो. समशीतोष्ण प्रदेशात असा आकडा क्वचित दिसतो. भारताच्या अक्षांशांवर तो सौरकमालाच्या काळात दुपारनंतर नित्याचा होऊ शकतो, आणि याचे कारण तिसऱ्या साधनाशी जोडलेले असल्यामुळे दोन्हींचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते.

दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर पूर्वेकडे जाणारे विद्युतक्षेत्र असते. आडव्या चुंबकीय बलरेषांशी त्याचा संयोग होऊन तेथील इलेक्ट्रॉन आणि आयन वर उचलले जातात आणि मग बलरेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना, चुंबकीय विषुववृत्तापासून सुमारे पंधरा अंशांवर, खाली उतरून साचतात. कारंज्यासारख्या या हालचालीमुळे प्रत्यक्ष चुंबकीय विषुववृत्तावर घनता कमी आणि त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस दोन दाट शिखरे अशी रचना होते, जिला विषुववृत्तीय आयनन-विसंगती म्हणतात. एडवर्ड ॲपलटन यांनी ती १९४६ मध्ये मांडली. उत्तरेकडचे शिखर भारतात साधारणपणे गुजरात आणि मध्य भारताच्या पट्ट्यात पडते, अर्थात महाराष्ट्र त्याच्या दक्षिण उतारावर किंवा अगदी खाली येतो.

या दोन शिखरांच्या उतरत्या पृष्ठभागांवरून लहर जमिनीला न शिवता एका शिखरावरून दुसऱ्यावर जाते आणि मग खाली उतरते, तेव्हा त्याला विषुवपार प्रसरण म्हणतात. व्यावसायिक शास्त्रज्ञांना अनपेक्षित असलेला हा प्रकार १९४७ मध्ये हौशी केंद्रचालकांच्या ५० मेगाहर्ट्झवरील संपर्कांतूनच उजेडात आला. त्याचे दोन प्रकार मानले जातात. दुपार ते सायंकाळच्या प्रकारात संकेत स्वच्छ असतात आणि अंतर सहा हजार किलोमीटरच्या घरात जाते. सूर्यास्तानंतर, साधारण आठ ते अकराच्या दरम्यान, येणारा प्रकार मात्र आयनांबरात वर चढणाऱ्या विरळ बुडबुड्यांशी निगडित असल्यामुळे त्यात संकेत थरथरतात आणि आवाज घोगरा, पसरट होतो. दोन्ही प्रकार मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या संपातकाळांत सर्वाधिक आढळतात.

विषुवपार प्रसरणासाठी दोन्ही केंद्रे चुंबकीय विषुववृत्तापासून सारख्या अंतरावर समोरासमोर असणे आदर्श ठरते; जपान आणि ऑस्ट्रेलिया किंवा भूमध्य समुद्राकाठचे देश आणि दक्षिण आफ्रिका या जोड्या त्यामुळेच प्रसिद्ध आहेत. मुंबईची अशी नेमकी जोडी मालदीवच्या दक्षिण टोकापलीकडे उघड्या समुद्रात पडते, जेथे उत्तर द्यायला कोणी नाही. म्हणून येथील केंद्रचालकाने समोरासमोरच्या जोडीचा आग्रह सोडून तिरप्या मार्गांकडे पाहावे : नैर्ऋत्येस साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरवरील मॉरिशस आणि त्याशेजारचे रेयुनियाँ, त्यापलीकडे दक्षिण आफ्रिका, आणि आग्नेयेस सात हजारांहून अधिक किलोमीटरवरील पर्थ. शिवाय उत्तरेकडचे शिखर डोक्याशीच असल्यामुळे पूर्व-पश्चिम दिशांना एफ-२चे मार्ग युरोपीय केंद्रांच्या तुलनेत अधिक सहज खुले होतात. भारतीय केंद्राने वर्षभरात एकच हंगाम जागरूकपणे सांभाळायचा ठरवले, तर परदेशी सल्ल्यानुसार जून-जुलै निवडण्याऐवजी सौरचक्र तेजीत असताना फेब्रुवारी अखेर ते एप्रिल आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळांतील दुपारी तीन ते रात्री दहा ही वेळ निवडणे अधिक शहाणपणाचे आहे. सध्याचे पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू होऊन २०२४च्या सुमारास शिगेला पोहोचले. उतरणीच्या पहिल्या एक-दोन वर्षांतही संपातकाळ अनेकदा हात देतो.

रोजच्या अंदाजासाठी दोन आकडे पुरेसे होतात. १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर मोजला जाणारा सौर प्रवाह सतत काही दिवस १५० ते २००च्या वर राहिला तर एफ-२ची आशा बाळगावी. एका दिवसाच्या उसळीला फारसे महत्त्व देऊ नये. दुसरा आकडा के-निर्देशांक, जो दर तीन तासांच्या चुंबकीय अस्वस्थतेचे ० ते ९ असे मापन करतो. चुंबकीय वादळानंतरच्या दिवशी वर सांगितलेले कारंजे पुष्कळदा मंदावते आणि संध्याकाळ कोरडी जाते. या अभ्यासाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे : मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडू नयेत म्हणून अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली आणि तेथे १९०४ पासून नोंदी घेतल्या जात आहेत, आज ती नवी मुंबईतील पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे.

अँटेनाच्या बाबतीत सहा मीटरचा पट्टा शहरी केंद्रचालकावर मेहेरबान आहे, कारण येथे अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल सुमारे २.८५ मीटर लांबीचा, म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी १.४२ मीटरच्या नळ्यांचा, होतो आणि तो गृहनिर्माण सोसायटीच्या गच्चीवर कोणाच्या डोळ्यांवर न येता बसतो. दूरसंपर्कासाठी तो आडवा ठेवण्याची प्रथा आहे. लांबीपेक्षाही उंची महत्त्वाची ठरते : परावर्तक पृष्ठभागापासून ६ मीटर उंचीवरच्या आडव्या अँटेनाची मुख्य लहर साधारण १४ ते १५ अंशांच्या कोनात निघते, तर १२ मीटरवर हा कोन जवळपास ७ अंशांवर येतो, आणि दूरच्या केंद्राला लहर जितकी क्षितिजालगत जाईल तितकी हवी असते. इमारतीच्या गच्चीवर अँटेनाला जाणवणारी 'जमीन' कधी स्लॅब असते, कधी खालचा रस्ता, त्यामुळे हे आकडे मार्गदर्शक समजावेत. पुढची पायरी म्हणून तीन एलिमेंटची यागी घेतल्यास डायपोलच्या तुलनेत पाच-सहा डेसिबेलचा लाभ होतो, शिवाय मागच्या दिशेचा गोंगाट कमी होतो. तिच्यासोबत महागडा रोटेटर नसला तरी हाताने फिरवण्याजोगा खांब आणि त्यावर रंगाने केलेल्या दिशांच्या खुणा एवढ्यावर काम भागते.

केबलमध्ये मात्र काटकसर करू नये. आरजी-५८ या बारीक कोॲक्सिअल केबलच्या तीस मीटर लांबीत ५० मेगाहर्ट्झला सुमारे तीन डेसिबेलची घट होते, म्हणजे निम्मी शक्ती केबलमध्येच उष्णतेच्या रूपाने संपते आणि ऐकू येणारे क्षीण संकेतही तितकेच खाली जातात. आरजी-२१३ वापरल्यास ही घट निम्म्याहून कमी होते. ॲम्प्लिफायरवर खर्च करण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा. शहरातील दुसरा शत्रू म्हणजे एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर आणि गच्चीवरील सौरपॅनेलची यंत्रणा यांतून येणारा गोंगाट. घरचा मेन स्विच बंद करून रिग बॅटरीवर चालवला असता एस-मीटरचा काटा किती खाली येतो हे पाहिले की दोष आपल्या घरातला की शेजारचा याचा उलगडा होतो. आपल्या घरातला असल्यास संबंधित वायरींवर फेराइटच्या कड्या चढवाव्यात.

स्पोरॅडिक ईचा हंगाम आणि महाराष्ट्रातील वळवाचा पाऊस एकाच महिन्यात येतात, ही अडचण परदेशी पुस्तकांत सापडत नाही. मे महिन्याच्या सायंकाळी पट्टा उघडलेला असतानाच ईशान्येला विजा चमकू लागतात आणि संपर्क सोडवत नाही. तरीही मेघगर्जना ऐकू येताच केबल रिगपासून काढून घराबाहेर ठेवावी, आणि खांबाला स्वतंत्र अर्थिंग आधीच दिलेले असावे. कोकणपट्टीत व गोव्यात खाऱ्या हवेमुळे लोखंडी नटबोल्ट एका पावसाळ्यात गंजतात, म्हणून सर्व जोड स्टेनलेस स्टीलचे वापरावेत आणि केबलचे टोक पाणी न शिरेल असे बंद करावे, कारण कोॲक्सच्या जाळीत पाणी शिरल्यावर एसडब्ल्यूआर ठीक दिसत असूनही संकेत कमी होत जातात.

प्रत्यक्ष संपर्काच्या वेळी ५०.११० मेगाहर्ट्झ ही वारंवारता आंतरखंडीय हाकेसाठी राखीव मानली जाते. तेथे स्थानिक गप्पा मारणे हा शिष्टाचाराचा भंग समजला जातो आणि उत्तर मिळताच दोघांनी थोडे बाजूला सरकणे अपेक्षित असते. पट्टा पाच मिनिटांत बंद होऊ शकतो, म्हणून कॉल साइन, रिपोर्ट आणि लोकेटर, म्हणजे आपल्या जागेचा संकेतांक, एवढीच देवाणघेवाण करावी. हवामान, रिगचे नाव आणि अँटेनाची उंची यांची चर्चा वीस मीटरच्या पट्ट्यासाठी ठेवावी. आजकाल बहुतेक काम एफटी-८ या डिजिटल पद्धतीने, ५०.३१३ मेगाहर्ट्झवर, होते. नोबेल पारितोषिक विजेते खगोलभौतिकशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये ती प्रसृत केली. तीत दर पंधरा सेकंदांच्या खिडकीत एक छोटा संदेश जातो, आणि कानाला अजिबात ऐकू न येणारा संकेतही संगणक उलगडतो. संगणकाचे घड्याळ एका सेकंदाच्या आत अचूक असावे, ऑडिओची पातळी इतकीच ठेवावी की रिगचा एएलसी हलणार नाही, आणि एकाच शहरातील केंद्रांनी आपसात ठरवून एकाच पाळीत प्रसारण करावे, म्हणजे कोणीही शेजाऱ्याचे ऐकणे बुडवत नाही.

एफटी-८च्या सोयीमुळे दोन तोटे झाले आहेत. एक म्हणजे सर्व जण एकाच वारंवारतेवर थांबल्यामुळे बाकीचा पट्टा उघडा असूनही ओसाड दिसतो, तेव्हा संकेत जोरदार असतील तर साइडबँडवर जाऊन हाक देणारा चालक थोड्या वेळात कितीतरी अधिक संपर्क साधतो. दुसरा तोटा भारतीय केंद्राला अधिक जाणवतो : सूर्यास्तानंतरच्या विषुवपार संकेतांची वारंवारता बुडबुड्यांच्या हालचालीमुळे पसरते, आणि एफटी-८चे स्वर एकमेकांपासून केवळ ६.२५ हर्ट्झवर असल्यामुळे पडद्यावर ठळक पांढरा पट्टा दिसत असूनही काहीच उलगडत नाही. अशा वेळी मोर्स उपयोगी पडतो. घोगरा, फुसफुसणारा का असेना, पण कानाला तो वाचता येतो.

उल्कांच्या क्षणभंगुर शेपट्यांवरून होणारे संपर्क ऑगस्टच्या मध्यावर ययाति तारकासमूहातून आणि १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून होणाऱ्या वर्षावांत सोपे जातात. त्यासाठी एमएसके-१४४ ही पद्धत आणि पहाटेची वेळ निवडावी. चंद्रावरून परावर्तित संकेताचे प्रयोग करणाऱ्याला मोठ्या यागी आणि अधिक शक्ती लागते, म्हणून तो विषय येथे पुढे नेण्याचे कारण नाही.

संपर्काच्या नोंदीत लोकेटर ही बाब सहा मीटरवर विशेष महत्त्वाची असते. पृथ्वीचे दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांश मापाचे चौकोन पाडून प्रत्येकाला दोन अक्षरे व दोन अंक दिलेले असतात, आणि शंभर वेगळ्या चौकोनांशी संपर्क केल्यास प्रमाणपत्र मिळते. पुणे एमके६८मध्ये, नागपूर एमएल९१मध्ये, कोल्हापूर एमके७६मध्ये, पणजी एमके६५मध्ये येते. १९ अंशांची रेषा मुंबईतून जात असल्यामुळे कुलाब्याचा चालक एमके६८ सांगतो आणि बोरिवलीचा एमके६९. वेळ नेहमी यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून, लिहावी. यूटीसीची तारीख भारतात पहाटे साडेपाचला बदलते, त्यामुळे मध्यरात्रीनंतरच्या आणि पहाटेच्या संपर्कांना भारतीय तारीख टाकल्यास समोरच्या केंद्राची नोंद जुळत नाही आणि कष्टाने मिळालेला देश लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या संपर्कांची पुष्टी करणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीवर पुष्टीविना पडून राहतो. पट्टा बंद आढळलेल्या वेळाही त्याच वहीत दिशेसह लिहाव्यात, कारण महाराष्ट्राच्या अक्षांशांवरून कोणत्या महिन्यात कोणता मार्ग उघडतो याचे तयार कोष्टक कोठेही छापलेले मिळत नाही आणि दोन संपातकाळांच्या अशा नोंदींतून ते बरेचसे आपोआप तयार होते.